टाकीतला मासा आजारी पडतो तेव्हा

मांजर आजारी पडली तर ओरडते, कोपरा धरते. बकरी कान पाडते, चारा सोडते. माशाला आवाज नाही. तो काचेपलीकडे तसाच तरंगत राहतो आणि त्याचे काहीतरी बिनसले आहे हे आपल्या लक्षात येईपर्यंत बहुधा दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात. मग घरात धांदल उडते. मूल रडकुंडीला येते, अम्मी म्हणते टाकी धुऊन काढा, अब्बा दुकानातून निळ्या औषधाची बाटली घेऊन येतात आणि दादी म्हणते, कशाला नसती पीडा घरात आणलीत! या गडबडीत मासा मरतो. बऱ्याचदा तो आजाराने मरत नाही, उपचाराने मरतो.

पावसाळा आणि त्यानंतरची थंडी या दोन मोसमांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हा विषय हमखास असतो. म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्यालाच दिले आहे. घरात काचेची टाकी असेल तर हे पान जपून ठेवा. नसेल आणि मुलांचा हट्ट सुरू असेल, तर टाकी आणण्याआधी वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मासा पाण्यात खातो, पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात घाण करतो. नदीत ती घाण वाहून जाते, टाकीत ती जागच्या जागी राहते. त्यामुळे घरातल्या माशांच्या दहा तक्रारी आल्या तर त्यातल्या बहुतेकांचे मूळ पाण्यात सापडते. औषधाच्या बाटलीकडे हात नेण्याआधी पाण्याकडे पाहायचे.

आधी पाहा, मग हात घाला

दहा मिनिटे टाकीसमोर शांत बसा. मूल असेल तर त्यालाही बसवा. मुलांच्या नजरेला अशा गोष्टी लवकर दिसतात. काय पाहायचे?

मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढतो आहे का? कल्ले भराभर हलतात का? पर अंगाला चिकटवून बसला आहे का? खडीवर किंवा काचेवर अंग घासतो का? अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, लाल चट्टे किंवा फाटलेले पर दिसतात का? पोट फुगले आहे का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे का? तिरपा पोहतो का, उलटा तरंगतो का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: एकच मासा असा वागतो आहे की सगळे? एकच असेल तर त्याचा स्वतःचा आजार असू शकतो. सगळेच एकदम वर तोंड काढत असतील तर पाणी बिघडले आहे हे जवळजवळ नक्की समजा. (फायटर माशाची गोष्ट वेगळी. त्याला हवेतून श्वास घेण्याचा खास अवयव असतो. तो अधूनमधून वर येऊन हवा घेतो तो आजार नव्हे.)

पाहण्याची उत्तम वेळ पहाटेची. टाकीत पाणवनस्पती असतील तर त्याही रात्रभर माशांसारखाच प्राणवायू घेतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. फज्रसाठी उठणाऱ्याने दिवा लावल्यावर टाकीवर एक नजर टाकली तर जी गोष्ट दुपारी दिसणार नाही ती तेव्हा दिसेल. पहाटे मासे वर आणि दुपारी ठीक असतील, तर बुडबुड्यांचा पंप कमी पडतो आहे किंवा टाकीत मासे जास्त झाले आहेत.

टाकी धुऊन काढू नका

आपल्याकडे एक पद्धत रूढ झाली आहे. रविवार आला की मासे बादलीत काढायचे, टाकीतले सगळे पाणी ओतायचे, रेती-खडी घासून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळायचा आणि नवे कोरे पाणी भरायचे. टाकी आरशासारखी चमकते आणि दोन दिवसांनी मासे मरगळतात. घरच्यांना कळत नाही, एवढी स्वच्छता ठेवूनही असे का होते.

कारण असे आहे. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला विष आहे. पण टाकीत, विशेषतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर, काही उपयोगी जिवाणू घर करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते थोड्या प्रमाणात माशाला सोसते. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की साठलेले नायट्रेट निघून जाते. दह्याला विरजण लागते तसे हे टाकीचे विरजण आहे, फक्त ते लागायला चार ते सहा आठवडे जातात. नळाखाली स्पंज पिळला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

नवी टाकी आणली, त्याच संध्याकाळी आठ-दहा मासे सोडले आणि पंधरवड्यात निम्मे मेले, अशी पत्रे आम्हाला सर्वांत जास्त येतात. त्यामागेही हेच कारण असते. जिवाणू तयार होण्याआधीच विष तयार होते.

म्हणून मासा आजारी दिसला की टाकीतले तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळे नाही. मासे वर तोंड काढून धापा टाकत असतील तर निम्मे बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे. तळाची घाण नळीने ओढून घ्या. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा हलके पिळा. साबण, डिटर्जंट, फिनेल यांचा हात टाकीला कधीच लागू देऊ नका. टाकीसाठी एक बादली आणि एक मग वेगळा ठेवा.

नवे पाणी कसे घालावे

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. आपल्याला ते चालते, माशाचे कल्ले त्याने भाजून निघतात. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवले, त्यात बुडबुड्यांची नळी सोडली, की क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामिन वापरतात. ते नुसते ठेवून जात नाही. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून थेंबांचे औषध मिळते. ते हाताशी ठेवले तर अडीअडचणीला लगेच पाणी बदलता येते. बाटलीवर लिहिले असेल तेवढेच थेंब घाला.

गावाकडे विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांना वाटते की आपल्याला ही भीती नाही. पण पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते. त्या दिवसांत विहिरीचे पाणीही नळाच्या पाण्यासारखेच समजा. बोअरचे पाणी जमिनीतून थेट आलेले असते, त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. तेही एक दिवस ठेवून, बुडबुडे सोडून मगच घाला.

नव्या पाण्याची ऊब टाकीतल्या पाण्याएवढी असावी. हात घालून पाहिले तर अंदाज येतो, थर्मामीटर असला तर उत्तमच. पावसात गच्चीवरच्या टाकीचे गार पाणी एकदम ओतले की माशाला झटका बसतो आणि बहुतेक आजारांना तिथूनच वाट मिळते.

पाण्याच्या तपासणीचे किट बाजारात मिळते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत असावे. किट घ्यायचे नसेल तर मासे विकणाऱ्या दुकानात बाटलीभर पाणी घेऊन जा. काही दुकानदार तपासून देतात.

पांढरे ठिपके

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, खडीवर अंग घासणे, पर मिटून बसणे. हा घरच्या टाकीतला सर्वांत ओळखीचा आजार. दुकानदार त्याला ‘इच’ किंवा ‘व्हाइट स्पॉट’ म्हणतात. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि एका माशावरून सगळ्यांवर पसरतो.

या परजीवीचे आयुष्य समजून घेतले तर उपचार का फसतात ते कळते. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेखाली बसलेला असतो. तिथे औषध पोहोचत नाही. काही दिवसांनी तो पिकतो, गळून तळाशी पडतो, भोवती आवरण तयार करतो आणि त्या आवरणात एकाचे शेकडो होतात. मग ती पिल्ले पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध चालते ते फक्त या मोकळ्या पिल्लांवर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले, मासा बरा झाला, असे समजून औषध थांबवले तर आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान तीन-चार दिवस, आणि एकंदर दहा ते चौदा दिवस उपचार चालू ठेवायचा. औषध एका माशाला नव्हे, सगळ्या टाकीला द्यायचे.

गार पाण्यात हे चक्र आठवडे चालते, कोमट पाण्यात चार-पाच दिवसांत पुरे होते. म्हणून गप्पी, मोली, एंजल अशा उष्ण पाण्यातल्या माशांच्या टाकीत हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 29-30 अंशांपर्यंत न्यावे. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा पंप जोरात ठेवा. हीटर लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने घ्या. आणि टाकीत हात घालण्याआधी हीटरचे बटण बंद करा. मुलांना ही गोष्ट पहिल्या दिवशीच बजावा.

मिठाचा हिशेब

जाड मीठ, खडे मीठ, हे माशांचे जुने आणि स्वस्त औषध. पण मोजून. आधी टाकीत पाणी किती ते काढा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. 60 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 54,000, म्हणजे 54 लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी 45 लिटरच्या आसपास.

साधारण अशक्तपणा, फाटलेले पर, किरकोळ जखम यांसाठी लिटरला एक ग्रॅम. म्हणजे वरच्या टाकीला 45 ग्रॅम, चहाचे आठ सपाट चमचे. ठिपक्यांच्या आजारात हेच प्रमाण दोन-तीन दिवसांत थोडे थोडे वाढवत लिटरला दोन-तीन ग्रॅमपर्यंत नेतात. मीठ कधीही कोरडे माशांवर टाकू नका. मगभर पाण्यात विरघळवून, थोडे थोडे करून सोडा.

मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटले म्हणून साधे पाणी वाढवले तर पुन्हा मीठ घालायचे नाही. जितके पाणी काढून बदलले तितक्याच पाण्यापुरते मीठ घाला. गोल्डफिश, गप्पी, मोली यांना मीठ चांगले सोसते. तळाशी फिरणारे मिशीवाले मासे आणि लोच यांना सोसत नाही, पाणवनस्पतीही करपतात. त्या टाकीत आजारी मासा वेगळा काढणेच बरे.

इतर ओळखीची दुखणी

परांच्या कडा पांढऱ्या किंवा लाल होऊन झिजत असतील तर तो जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्यामागे बहुतेक वेळा घाण पाणी असते. आठवडाभर एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलले तरी पुष्कळ मासे एवढ्यावरच सुधारतात. पर पुन्हा वाढतात, आधी पारदर्शक दिसतात, मग रंग धरतात. टाकीतला दुसरा मासा पर कुरतडत नाही ना, तेही पाहा.

जखमेवर कापसाचा पुंजका दिसला तर ती बुरशी. तिच्यावर मेथिलीन ब्लू चालते. पण हे निळे औषध फिल्टरमधले उपयोगी जिवाणू आणि वनस्पती दोन्ही मारते, काचेच्या सांध्यांना आणि हातांना डाग पाडते. मुख्य टाकीत ते ओतू नका. वेगळ्या टबात वापरा.

गोल्डफिश तिरका किंवा उलटा तरंगू लागला की मुले घाबरतात. पुष्कळदा ते जास्त खाण्याने झालेले असते. कोरडे दाणे वरच्या वर गिळताना तो हवाही गिळतो, दाणे पोटात फुगतात. दोन दिवस उपास द्या. तिसऱ्या दिवशी मटाराचा एक दाणा मीठ-मसाल्याविना उकडून, साल काढून, बारीक कुस्करून द्या. पुढे दाणे पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजवून मगच घालत जा.

पोट फुगून खवले उभे राहिले, वरून पाहताना मासा अननसासारखा दिसू लागला, तर आजार आतपर्यंत गेला आहे, मूत्रपिंडे काम करेनाशी झाली आहेत. यातून मासे क्वचितच वाचतात. मुलाला खोटी आशा दाखवू नका. मासा शांत, अंधाऱ्या टबात वेगळा ठेवा आणि बाकीच्यांचे पाणी सांभाळा.

माशाचा दवाखाना

दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा स्वच्छ टब, एक स्पंज फिल्टर, एक जाळी आणि झाकण म्हणून जुनी चाळण. माशाचा दवाखाना एवढ्यात होतो. तळाला रेती नको. घाण लगेच दिसली पाहिजे आणि काढता आली पाहिजे. टबात मुख्य टाकीचेच पाणी घ्या. लपायला एखादी कुंडी आडवी ठेवा. आजारी माशाला उजेड आणि गर्दी दोन्ही नको असतात. रोज थोडे पाणी बदला, खाणे अगदी थोडे द्या.

औषधांबद्दल तीन गोष्टी. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषध घालण्याआधी काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. एका वेळी एकच औषध घाला. दोन बाटल्या मिसळून बरा झालेला मासा आम्ही पाहिलेला नाही. आणि घरातली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकू नका. काही जण असा सल्ला सर्रास देतात. नेमका कोणता जिवाणू आहे हे माहीत नसताना, मात्रा माहीत नसताना टाकलेली कॅप्सूल फिल्टर मारते आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार करते. ते पाणी शेवटी आपल्याच गटारात जाते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मगच असे औषध द्या.

लेबल नसलेली, नुसते ‘टॉनिक’ म्हणून हातात दिलेली बाटली घेऊ नका. आत काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून माशासाठीही औषध नको.

घरातली न दिसणारी विषे

टाकीवर उपचार करून थकलेल्या काही घरांत दोष टाकीबाहेर असतो. डास मारण्याचा फवारा माशांना अतिशय घातक आहे. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो, म्हणजे फवारा थेट पाण्यात जातो. फवारायचेच असेल तर टाकी ओल्या कापडाने पूर्ण झाका, पंप बंद ठेवा, आणि खोली हवेशीर झाल्यावर लगेच सुरू करा. ईदच्या आधी घराला रंग लावताना टाकी दुसऱ्या खोलीत न्या. लोबान आणि अगरबत्तीही टाकीपासून लांब लावा. हाताला साबण, अत्तर, तेल असेल तर नुसत्या पाण्याने नीट धुऊन मगच हात घाला.

उलट बाजूनेही सांभाळायचे आहे. टाकीच्या पाण्यातले काही जिवाणू माणसाच्या जखमेतून आत शिरतात आणि त्वचेवर बरे न होणारी गाठ उठते. हाताला चीर, खरचटलेले असेल तर हातमोजे घाला. मधुमेह असणाऱ्यांनी तर नेहमीच घालावेत. टाकीचे काम झाले की साबणाने हात धुवा. भांडी घासण्याच्या सिंकमध्ये टाकीचे सामान धुऊ नका. तोंडाने नळी ओढून पाणी काढायची सवय मुलांना लावू नका.

ईदला चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर शेजाऱ्याकडे डबा देऊन जाण्याची गरज नाही. निरोगी, मोठे मासे तेवढे दिवस उपाशी सहज राहतात. शेजारी मायेने मूठभर दाणे टाकतात आणि परत येईपर्यंत पाणी नासलेले असते. डबा द्यायचाच असेल तर एका दिवसाचे चिमूटभर दाणे कागदाच्या पुडीत बांधून, तेवढ्याच पुड्या द्या. वीज जाणार असेल तर सेलवर चालणारा छोटा पंप ठेवा. तोही नसेल तर मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहा. त्याने प्राणवायू मिसळतो.

मुलाला काय सांगायचे

पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. एवढ्याशा माशासाठी एवढा खटाटोप कशाला? मेला तर दुसरा आणता येतो.

मासा आपण आणला, तो आपल्या दारात आला नव्हता. रानातला जीव तहानला तर पाणी शोधू शकतो. काचेतल्या जिवाला दुसरे पाणी नाही. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायलाही न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवताना ती आठवावी. हा मासा नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. त्या भांड्यात त्याला धड वळताही येत नाही आणि पाणी दोन दिवसांत बिघडते. ते भांडे दिवाणखान्यात शोभेचे असेल, त्याच्यासाठी ती कोठडी आहे. जागा नसेल तर मासा न पाळणे हीसुद्धा दया आहे.

मासा मेलाच, तर मुलाने शाळेतून येण्याआधी गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवण्याचा मोह होतो. तसे करू नका. मुलांना फरक कळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे घरचे आपल्याशी खोटे बोलले हेही कळते. अबू उमैर या लहानग्याचा पाळलेला चिमणीएवढा पक्षी गेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाला नावाने हाक मारून पक्ष्याची चौकशी केली, त्याचे मन हलके केले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मुलाचे दुःख छोटे नसते, हे समजायला आपल्यासाठी एवढे पुरेसे आहे. त्याला रडू द्या. मासा कुंडीत किंवा अंगणात थोडे खोल पुरा. शौचालयात टाकू नका, मेलेलाही नको आणि जिवंत तर मुळीच नको.

टाकी बंद करायची ठरवली तर उरलेले मासे नदीत, तळ्यात, विहिरीत सोडून पुण्य मिळत नाही. टाकीतली काच चाटणारा ‘सकर’ मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. लोकांनी सोडलेले असे मासे आपल्या देशातल्या अनेक जलाशयांत वाढले आहेत, मच्छीमारांची जाळी फाडतात आणि इथल्या माशांची जागा घेतात. मासे दुकानदाराला परत द्या किंवा टाकी असणाऱ्या दुसऱ्या घरी द्या.

दुसरा मासा आणण्याआधी

क्रॉफर्ड मार्केटमधून आणा की गावच्या आठवडी बाजारातून, दुकानातला मासा लांबून आलेला असतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या शोभेच्या माशांपैकी पुष्कळसे चेन्नईजवळच्या कोलातूरहून किंवा कोलकात्याहून पिशव्यांत भरून येतात. प्रवासाने ते थकलेले असतात आणि आजार सोबत आणतात. ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसतो त्या टाकीतून मासा घेऊ नका. दुकानदाराला खायला घालायला सांगा. धावत येईल तो मासा घ्या. गार पाण्यातला गोल्डफिश आणि उष्ण पाण्यातले गप्पी, मोली एकत्र ठेवू नका.

घरी आणल्यावर दवाखान्याच्याच टबात तो दोन ते चार आठवडे वेगळा ठेवा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका. मुले अधीर होतात, त्यांना हे काम सोपवा: रोज पहाटे पाहणे आणि वहीत लिहिणे, खाल्ले का, ठिपका आहे का, कल्ले कसे हलतात.

आणि टाकीजवळ भिंतीवर एक कागद चिकटवा. रोज: दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे, पंप चालू आहे का. दर आठवड्याला: चौथा हिस्सा पाणी बदल, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतून. काढलेले पाणी गटारात नको, कुंड्यांना घाला. त्यातल्या नायट्रेटवर तुळस आणि पुदिना जोमाने वाढतात. फक्त मीठ किंवा औषध घातलेले पाणी झाडांना नको. दर महिन्याला: स्पंज टाकीच्याच पाण्यात हलका पिळणे. या तीन ओळी पाळल्या तर निळ्या बाटलीचे झाकण उघडण्याची वेळ क्वचितच येईल.